भुरी ट्रे विसरली नाहीये

ताई नमस्कार, आमची भुरी आता ८ वर्षांची आहे, ससा, मादी. अगदी पिल्लू असल्यापासून लिटर ट्रेमध्येच शू-शी करायची, शिकवायला पण फार लागलं नव्हतं, घरी कोणी आलं की आम्ही कौतुकाने सांगायचो. पण गेले दोन महिने सगळं बिघडलंय. ट्रेच्या अगदी शेजारी, कडेला चिकटून शू करते, कधी तिच्या झोपायच्या चटईवरच, आणि सकाळी बघावं तर मागची बाजू ओली आणि वास. लेंड्या घरभर. शू कधी केशरी असते, कधी वाळल्यावर खडूसारखी पांढरी दिसते. आधी जुन्या ट्रेच्या कडेवरून बाहेर उडायचं म्हणून आम्ही मुद्दाम उंच कडांचा नवीन ट्रे आणला, चांगला मोठा, तर त्यात ती जातच नाही. नवरा म्हणतो मुद्दाम करतेय, नखरे आहेत. त्याने एकदा तिचं तोंड त्या ओल्यात धरलं आणि मागच्या आठवड्यात दोन दिवस पिंजऱ्यात बंद ठेवली, काही फरक नाही. खाणंपिणं ठीक आहे. तिला परत सवय कशी लावू? की म्हातारपणी हे असंच चालायचं?
– वैतागलेली, पण तिच्यावर जीव असलेली

अगं, तिचं तोंड ओल्यात धरणं आणि शिक्षा म्हणून पिंजरा, दोन्ही आजपासून बंद, आणि एवढा पॅरा नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखव. दहा मिनिटांपूर्वीची शू आणि आत्ताचा ओरडा यांचा संबंध सशाला लागत नाही, त्याला एवढंच कळतं की हा माणूस जवळ आला की काहीतरी वाईट होतं. मग ती त्याला बघून लपणार, आणि जिथे लपेल तिथेच शू करणार, म्हणजे तुझं काम वाढलंच. नखरे असतात सशांचे, भरपूर असतात, वाटीत नावडतं काही दिसलं की वाटी उलटी करणारे ससे मी पाहिलेत, पण सात-आठ वर्षं ट्रे वापरणारा प्राणी नखरे म्हणून स्वतः ओल्यात बसत नाही, ते अंग चाटून चाटून स्वच्छ ठेवतात दिवसभर.

आता तुझंच पत्र परत वाच. ट्रेच्या अगदी शेजारी, कडेला चिकटून, असं तू लिहिलंयस. म्हणजे तिला ट्रे आठवतोय, ती उठून चालत तिथपर्यंत जातेय, दाराशी पोचतेय आणि तिथे अडकतेय. नवीन ट्रे उंच कडांचा आहे हेही तूच लिहिलंयस. ८ वर्षं म्हणजे सशाचं चांगलंच म्हातारपण, घरात नीट सांभाळलेले ससे साधारण ८ ते १२ वर्षं जगतात, आणि या वयात मणक्याचा, कमरेचा, मागच्या गुडघ्यांचा संधिवात अगदी कॉमन आहे. तिला सवय परत लावायची गरज नाही असं मला वाटतं, तिची वाट मोकळी करायची गरज आहे.

माझ्याकडे बंड्या नावाचा ससा होता, तो ७ वर्षांचा असताना हेच झालं, फक्त तो ट्रेमध्ये चढायचा पण शू मात्र बाहेर पडायची. मी लिटर, म्हणजे ट्रेमधला भर, बदललं, ट्रे बदलला, जागा बदलली, त्याला बोलले पण, खोटं कशाला सांगू. पहिल्या डॉक्टरांनी हात न लावताच वय झालंय, चालायचंच असं सांगून परत पाठवलं. मग एका रात्री मी लांब बसून नुसतं बघत राहिले, तर लक्षात आलं की हा पुढचे दोन पाय आत टाकतो, मागचे आत ओढायला जमत नाही, आणि शू करताना ससे ज्या पद्धतीने बसून शेपटी उचलतात तसं त्याला बसताही येत नाहीये, उभ्या उभ्या अर्धवट करतोय आणि सगळं त्याच्याच पायावर. दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, मणक्यात तीन ठिकाणी हाडं वाढून जुळलेली. दुखणं कमी करायचं औषध सुरू झाल्यावर आठवड्यात तो परत ट्रेमध्ये बसायला लागला. आपण ज्याला हट्ट म्हणत होतो ते कण्हणं होतं, फक्त ससा आवाज करत नाही ना. दुखतंय हे दाखवलं की शिकारी आधी त्यालाच धरणार, हे त्याच्या रक्तात आहे, त्यामुळे तो गपचूप सहन करतो आणि बरेचदा खाणंपिणं पण चालू ठेवतो. म्हणून तुझं खाणंपिणं ठीक आहे हे वाक्य वाचून मला अर्धाच दिलासा मिळाला.

तर डॉक्टरकडे जायच्या आधी दोन दिवस हे बघ, आणि मोबाईलवर व्हिडिओ काढ, कारण दवाखान्याच्या टेबलावर ससा दगडासारखा बसतो, काहीच कळत नाही. शू कुठे आणि कशी होते ते बघायचं. ट्रेच्या बाहेर एकच मोठं डबकं असेल तर चढता न येणं किंवा बसता न येणं. ती झोपली होती तीच जागा ओली, तिला पत्ताच नाही, तर ते गळणं आहे, ते वेगळं प्रकरण. पुन्हा पुन्हा जाऊन थोडी थोडी, ठिपके ठिपके शू, पाठ वाकवून जोर लावणं, हे लघवीच्या जागी जळजळ होतेय, इन्फेक्शन किंवा खडा. आणि भिंतीवर, सोफ्यावर उडवलेली, सोबत सुट्या कोरड्या लेंड्या पेरल्यासारख्या टाकलेल्या, तर ते हद्द आखणं, घरात नवीन प्राणी आला, जोडीदार गेला, फर्निचर हललं की करतात. तुझ्या वर्णनात मला पहिले दोन दिसतात, कडेचं डबकं आणि चटईवरचं गळणं, आणि दोन्ही एकदम असू शकतात. घरभर लेंड्यांचं मी फार मनावर घेणार नाही, लेंड्या कोरड्या आणि गोल असतील तर झाडूने दोन मिनिटांचं काम आहे, म्हाताऱ्या सशांच्या चालता चालता पडतात.

अजून काही गोष्टी बघून ठेव. आधी उडी मारून चढायची त्या जागी आता चढते का? मागचे पाय टाइल्सवर घसरतात का? कान खाजवायला मागचा पाय वर नेते का? पाठीवरची, शेपटीजवळची फर गुंतलेली किंवा कोंड्याची दिसते का, म्हणजे मान वळवून चाटायला जमत नाहीये. टाचांखाली केस जाऊन लाल किंवा जखमेसारखं झालंय का, त्या दुखणाऱ्या टाचांनी टोचणाऱ्या लिटरवर कोण उभं राहील सांग.

आता शूच्या रंगाचं. केशरी दिसली म्हणून लगेच घाबरू नकोस, सशाची शू फिकट पिवळ्यापासून विटकरी लालपर्यंत कसलीही असू शकते, खाण्यातल्या आणि शरीरातल्या रंगद्रव्यांमुळे, आणि थोडी गढूळ असणं पण नॉर्मल. पांढरं खडूसारखं म्हणजे कॅल्शियम. बाकीचे बरेचसे प्राणी अन्नातून लागेल तेवढंच कॅल्शियम शोषतात, ससा मात्र खाण्यात जितकं जास्त तितकं जास्त शोषून घेतो आणि जादाचं किडनीतून शूवाटे बाहेर टाकतो, त्यामुळे थोडा पांढरा थर हा त्याचा स्वभावच. पण शू टूथपेस्टसारखी घट्ट, चिकट यायला लागली तर लघवीच्या पिशवीत गाळ साचलाय, आणि कमी हलणाऱ्या, कमी पाणी पिणाऱ्या, जाड झालेल्या म्हाताऱ्या सशात तो साचतोच, कारण तो एका जागी बसून राहिला की गाळ तळाला बसतो. नवऱ्याने जो दोन दिवस पिंजरा केला ना, त्याने या बाबतीत उलट नुकसानच. आणि रंगद्रव्य की रक्त हे डोळ्यांनी ठरवू नकोस, डॉक्टर साधी पट्टी बुडवून पाच मिनिटांत सांगतात.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस आणि मला तीच सगळ्यात आधी हवी होती, भुरीचं ऑपरेशन, म्हणजे नसबंदी, झालंय का? नसेल झालं तर अपॉइंटमेंट याच आठवड्यात घे, पुढच्या महिन्यात नाही, कारण चार वर्षांच्या पुढच्या, ऑपरेशन न झालेल्या माद्यांमध्ये गर्भाशयाचा कॅन्सर खूप आढळतो आणि त्यातलं रक्त आपल्याला शूमधलं रक्त वाटतं. झालं असेल तर ती एक मोठी काळजी गेली, फक्त ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्या मादीत हॉर्मोन कमी झाल्यामुळे पण झोपेत शू गळू शकते, त्याला औषध असतं, विचार.

डॉक्टर निवडताना एवढंच विचार, तुम्ही ससे नेहमी बघता का. कुत्र्या-मांजरांचे उत्तम डॉक्टर सशाच्या बाबतीत चाचपडतात, त्यात त्यांचा दोष नाही, पण तुझा वेळ जातो. जाताना शूचं सॅम्पल ने, त्यासाठी ट्रे धुऊन कोरडा करून रिकामा ठेव किंवा स्वच्छ फरशीवर झाली की सुईशिवायच्या सिरिंजने ओढून घे. ते बहुतेक शू तपासतील, मणक्याचा आणि पोटाचा एक्स-रे, किडनीसाठी रक्त. मागचे पाय लटपटत असतील तर ई. क्युनिक्युली नावाच्या परजीवीबद्दल पण बोलतील, तो किडनी आणि मेंदू-मज्जासंस्थेला धरतो, पाय अडखळतात, शू गळते, मान वाकडी होऊ शकते, त्याचं औषध बहुतेक वेळा २८ दिवस चालतं, मध्येच बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही. संधिवात निघाला तर मेलॉक्सिकॅम सारखं औषध देतात, डोस तिच्या वजनावर आणि किडनीच्या रिपोर्टवर ठरतो. माणसांची दुखण्याची गोळी कुस्करून तिला अजिबात देऊ नकोस, घरात पडलेली कुठलीच नाही. आणि कोणी सांगितलं की भूल द्यायची आहे, रात्रीपासून उपाशी ठेवा, तर दुसरा डॉक्टर शोध, सशाला उलटी करता येतच नाही आणि उपाशी राहिला की त्याचं आतडंच थांबतं.

आता त्या ओल्या बुडाचं, माझ्या मते तुझ्या पत्रातली सगळ्यात तातडीची गोष्ट हीच आहे, ट्रे नंतर. शू कातडीला लागून राहिली की कातडी भाजल्यासारखी लाल होते, केस जातात, मग जखम, आणि ओल्या घाण वासावर माशा येतात, अंडी घालतात, आणि त्यातून अळ्या एका दिवसात बाहेर पडून ससा जिवंत असतानाच त्याला खायला लागतात. घाणेरडं लिहितेय पण लिहायलाच हवं, कारण घरातल्या सशाला हे होत नाही असं सगळ्यांना वाटतं. उबेच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ तिला मांडीवर घेऊन मागची बाजू बघायची, रोज, कंटाळा न करता. एक जरी अळी दिसली तर रात्र असो पहाट असो, दवाखाना.

स्वच्छ करताना पूर्ण आंघोळ घालायची नाही, अख्खा ससा पाण्यात म्हणजे भीतीने त्याचा जीव जाऊ शकतो. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने किंवा मऊ कपड्याने फक्त तेवढीच जागा, हळूहळू, ओढायचं नाही, आणि मग टॉवेलने टिपून पूर्ण कोरडी, अर्धवट ओली ठेवली तर न धुतलेली बरी. गुंतलेले केस कात्रीने कापू नकोस, सशाची कातडी कागदासारखी पातळ असते आणि केसांबरोबर वर ओढली जाते, कळायच्या आत कापली जाते, ते डॉक्टरकडून मशीनने काढून घे. आणि बघ की ते ओलं फक्त शू आहे की काळपट मऊ चिकट शी पण आहे. द्राक्षाच्या घोसासारखी मऊ शी ससे थेट बुडाकडून तोंडाने घेऊन खातात, त्यांच्यासाठी ते अन्नच आहे, पण कंबर वळली नाही किंवा पोट मध्ये आलं की ती तशीच चिकटून राहते. पेलेट्स, म्हणजे सशाच्या खाण्याच्या तयार गोळ्या, जास्त होत असतील तरी ती उरते. पेलेट्स कमी करून सुकं गवत वाढवलं की बऱ्याच वेळा निम्मं काम होतं, फक्त बदल एकदम नको, आठवडा-दोन आठवडे घेऊन. गवत टिमोथीसारखं साधं, लसूणघास नको, त्यात कॅल्शियम खूप असतं, ती पिल्लांसाठी ठीक.

ट्रेचं आता सोपं वाटेल तुला. ती उंच कड एका बाजूने कापून टाक, नुसती दोन बोटं उंच राहील अशी, आणि कापलेली धार घासून किंवा जाड टेप लावून गुळगुळीत कर. बाकी तीन बाजू उंच राहू देत, म्हणजे उडायचं पण नाही, आणि तुम्ही हौसेने आणलेला ट्रे वाया गेला असंही होणार नाही. ट्रे एवढा हवा की ती आत लांब पसरून बसू शकेल आणि वळू शकेल. आत जाळी असेल तर काढ, म्हाताऱ्या टाचांना जाळी म्हणजे छळ. खाली कागदाच्या गोळ्यांचं लिटर, वर मऊ गवताचा जाड थर. मांजराचं गोळा होणारं लिटर नको, ससा चघळतो आणि पोटात त्याचा गोळा होतो. पाइनचा किंवा देवदारचा वासाचा भुसा पण नको. सुकं गवत अडकवायची जाळी ट्रेला बाहेरून अशी लाव की आत बसूनच तोंड पोचेल, ससे खाता खाता शू-शी करतात, निसर्गानेच ट्रेनिंग करून ठेवलंय, आपण फक्त जागा जुळवायची.

ट्रेकडे जायच्या वाटेवर फरशी गुळगुळीत असेल तर न घसरणारी मॅट टाक, पार ट्रेच्या तोंडापर्यंत. हे लोक विसरतात, ट्रे बदलतात आणि ट्रेच्या आधीची चार फूट फरशी तशीच, तिथे पाय फाकतात आणि ती मध्येच बसून मोकळी होते. दुसरा ट्रे ती जिथे जास्त झोपते त्याच्याजवळ ठेव, रात्री उठून खोली ओलांडायला लावू नकोस, तुला तरी लावली असती का कोणी ७५ व्या वर्षी. आणि ती ठरावीक एका कोपऱ्यात शू करत असेल तर तिच्याशी भांडू नकोस, ट्रे त्या कोपऱ्यात ने, त्या कोपऱ्यात ट्रे चांगला दिसत नाही हा आपला प्रश्न आहे, तिचा नाही.

बाहेर झालेली शू पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पाणी घालून पूस, तो पांढरा थर त्याने सुटतो आणि वासही जातो, फक्त दगडी फरशीवर आधी एका कोपऱ्यात लावून बघ, डाग पडतो कधी कधी. अमोनियाचा वास येणारं क्लीनर नको, तिला ती शूच वाटते. पुसलेल्या कागदाचा एक तुकडा आणि दोन-चार लेंड्या ट्रेमध्ये टाक. ट्रे रोज साफ कर, पण एकदम चकचकीत नको, थोडं वासाचं गवत मागे राहू दे. पाणी बाटलीऐवजी जड, उथळ वाटीत दे, वाटीतून ससे जास्त पितात, शू पातळ होते, गाळ वाहून जातो. झोपायच्या चटईऐवजी खाली शोषून घेणारा पॅड आणि वर फ्लीसचं कापड, ओल खाली जाते आणि तिचं अंग कोरडं राहतं. पॅड कुरतडते का यावर मात्र लक्ष ठेव. आणि आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर टोपलीत बसवून वजन, लिहून ठेवायचं.

म्हातारपणी असंच चालायचं का विचारलंस. थोडं चालायचं, हो. औषध, कापलेला ट्रे, मॅट, सगळं झालं तरी भुरी परत पाहुण्यांना दाखवण्याइतकी पर्फेक्ट होईल असं मी सांगणार नाही. बंड्या शेवटपर्यंत दहातल्या दोन वेळा चुकायचा, आम्ही त्या बाजूला एक जुनी चादर टाकून ठेवायचो आणि धुवायचो, संपलं. पण दुखतंय म्हणून चुकणं आणि म्हातारी म्हणून अधूनमधून चुकणं यात फरक आहे, पहिलं चालवून घ्यायचं नाही.

काही गोष्टींसाठी मात्र अपॉइंटमेंटची वाट पण बघू नकोस. जोर लावतेय आणि शू येतच नाहीये, दहा-बारा तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्याच नाहीत, दात करकर वाजवत कुबड काढून बसलीये, मागचे पाय अचानक ओढत चाललीये, यातलं एकही दिसलं तर त्याच क्षणी उचल आणि जा.

आणि जुना बुटका ट्रे फेकला नसशील तर आज रात्रीच माळ्यावरून काढ, आत तिच्याच लेंड्या आणि गवत टाकून ती आत्ता जिथे शू करते तिथेच ठेव, आणि सकाळी बघ कुठला ट्रे ओला आहे. बुटका ओला निघाला तर डॉक्टरांना आधी तेच सांग. आणि ऑपरेशनचं मला कळव.